माळ्यावरची रिळं: घरगुती आठ मिलिमीटर फिल्मविषयी नागपूरकर वारंवार विचारतात ते प्रश्न

गेली काही वर्षं मी नागपुरातल्या घरांमधून निघालेली जुनी घरगुती रिळं तपासतो, साफ करतो, तुटलेली जोडतो आणि जमेल तिथे चादरीवर लावून दाखवतो. फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. घाई असेल तर फक्त वासाचा प्रश्न वाचा आणि आधी माळ्यावर चढा.

आजोबांच्या ट्रंकेत बारीक फिल्मची रिळं सापडली. ती नेमकी कसली, हे कसं ओळखायचं?

शाळेची मोजपट्टी घ्या आणि रुंदी मोजा. 16 मिलिमीटर भरली आणि एका काठाने वेड्यावाकड्या लाटांची किंवा कमीजास्त जाडीची रेघ दिसली, तर तो ध्वनीपट्टा आहे. म्हणजे बहुतेक ती घरी काढलेली नसून कुठल्या तरी माहितीपटाची प्रत आहे. ध्वनीपट्टा नसलेली 16 मिलिमीटर मात्र घरची असू शकते, कारण कोडॅकने 1923 साली हे माप हौशी लोकांसाठीच काढलं होतं.

8 मिलिमीटर भरली तर काठाची भोकं बघा. भोकं मोठी, चौकोनी आणि दोन चौकटींच्या, म्हणजे एकेका चित्राच्या, मधल्या रेषेवर असतील तर ती ‘रेग्युलर 8’, म्हणजे 1932 पासूनची. भोकं छोटी आणि प्रत्येक चौकटीच्या मध्यावर असतील तर ‘सुपर 8’, म्हणजे 1965 नंतरची. सुपर 8 मध्ये भोकं लहान केल्यामुळे चित्राला जागा जास्त मिळाली. फुजीची ‘सिंगल 8’ही त्याच वर्षी आली. तिची फिल्म सुपर 8 सारखीच दिसते, फक्त कॅमेऱ्यात बसणारी डबी वेगळी. फ्रान्सच्या पाथे कंपनीची साडेनऊ मिलिमीटरची फिल्मही होती, 1922 ची. तिची भोकं काठाला नसून बरोबर मधोमध असतात.

एक भीती आधीच काढून टाकतो. ‘जुनी फिल्म पेट घेते’ हे खरं आहे ते सिनेमाच्या 35 मिलिमीटर नायट्रेट फिल्मबद्दल. कोडॅकने घरगुती मापं पहिल्यापासून ‘सेफ्टी’, म्हणजे सहज पेट न घेणाऱ्या, फिल्मवरच काढली. तुमच्या माळ्यावर बॉम्ब नाही.

एका रिळात किती चित्रण असतं?

फारच थोडं. तीन इंची छोट्या रिळात 50 फूट फिल्म मावते. सुपर 8 च्या एका फुटात 72 चौकटी, म्हणजे एकूण 3600. सेकंदाला 18 या वेगाने हे सगळं 3 मिनिटं 20 सेकंदांत संपतं. रेग्युलर 8 च्या 4000 चौकटी सेकंदाला 16 या वेगाने चार मिनिटांच्या थोड्या पुढे जातात.

म्हणूनच या चित्रणात एक शिस्त दिसते. रोल महाग, बहुतेक वेळा परदेशातून येणाऱ्या कुणाला तरी सांगून आणवलेला. मग माणूस पाच सेकंद आईचं ओवाळणं घ्यायचा, चार सेकंद नवी स्कूटर, आणि थांबायचा. काय ठेवायचं हे त्याने बटण दाबण्याआधीच ठरवलेलं असायचं.

डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला. काय समजायचं?

फिल्म मरायला लागली आहे, असं समजायचं. यालाच ‘व्हिनेगर सिंड्रोम’ म्हणतात. फिल्मचा पाया सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा असतो. उष्णता आणि दमटपणा मिळाला की तो फुटतो आणि त्यातून अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सुटतं. चायनीजच्या गाडीवर व्हिनेगर असतं ना, त्यातलंच. हे आम्ल डब्यात कोंडलं की उरलेल्या फिल्मला आणखी वेगाने खातं. फिल्म आकसते, काठ लाटांसारखे होतात, पाठीवर पांढरी भुकटी येते आणि शेवटी ती पापडासारखी तुटते.

या रोगाचा इतिहास आपल्या हवामानाशी जोडलेला आहे. ट्रायअ‍ॅसिटेट फिल्म 1948 साली आली आणि दहा वर्षांच्या आत ती खराब होत असल्याची पहिली तक्रार कोडॅककडे गेली. ती भारत सरकारकडून गेली होती. उष्ण आणि दमट जागेत ठेवलेल्या फिल्मचं काय होतं, हे जगाला आपल्या देशातून कळलं.

वास आलेलं रीळ त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळं करा. घट्ट झाकणाचा डबा बंद ठेवू नका. खिडकीजवळ सावलीत थोडी हवा लागू द्या आणि सगळ्यात आधी त्याचंच स्कॅनिंग करून घ्या. गेलेली फिल्म परत येत नाही, पण आकसून तुटण्याआधी तिच्यावरचं चित्र वाचवता येतं. आम्ल किती सुटलंय ते दाखवणाऱ्या कागदी पट्ट्याही मिळतात. पट्टी निळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर सावध, पिवळी झाली तर उशीर झालाय.

फिल्मच्या काठाने तपकिरी चकचकीत पट्टा असेल तर ती बहुधा 1973 नंतरची आवाजाची सुपर 8 आहे. त्या चुंबकीय पट्ट्यातल्या लोहामुळे हा रोग लवकर वाढतो. अशा रिळांना रांगेत पुढे घ्या.

नागपूरच्या उन्हाळ्यात रिळं ठेवायची कुठे?

माळ्यावर नाही. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की स्लॅबखालचा माळा भट्टी होतो. दिवाणात ठेवत असाल तर तो बाहेरच्या भिंतीला टेकलेला नको.

आता खास आपल्याकडची अडचण. बाहेर मे महिन्याची हवा कोरडी असते आणि कोरडी हवा फिल्मला चांगली. पण घरात आपण कूलर लावतो. कूलर हवा थंड करतो ती पाणी मिसळून. ज्या खोलीत रात्रभर कूलर चालतो तिथलं गोदरेजचं कपाट सकाळी उघडून आत हात घालून बघा, कपडे ओलसर लागतात. कूलरची खोली थंड म्हणून लोक मुद्दाम रिळं तिथे आणून ठेवतात आणि दोन-तीन उन्हाळ्यांत बुरशी धरते. कूलर नसलेली, घराच्या मधोमध असलेली, खालच्या मजल्यावरची खोली त्यापेक्षा बरी.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे फ्रिज, पण नीट बांधून. रीळ एका झिप पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या झिप पिशवीत, दोन्हींच्या मध्ये सिलिका जेलच्या पुड्या. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. निदान अर्धा दिवस खोलीत तशीच राहू द्या, नाहीतर थंड फिल्मवर घाम सुटतो. व्हिनेगरचा वास येणारं रीळ या पिशव्यांमध्ये घालू नका.

उघडून तपासायचं काम डिसेंबर-जानेवारीत करा. हिवाळी अधिवेशनाच्या त्या दिवसांत हवा कोरडीही असते आणि थंडही.

फिल्मवर पांढरे ठिपके, जाळी दिसते. ओल्या कपड्याने पुसू?

मुळीच नाही. ती बुरशी आहे. फिल्मवरचं चित्र जिलेटिनच्या थरात असतं. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं, म्हणजे ठिपक्याबरोबर चित्रही पुसलं जाईल. मेडिकलमधून आणलेलं स्पिरिटही नको, त्यातही पाणी असतं. कोरड्या, धागे न सुटणाऱ्या मऊ कापडात फिल्म हलकेच धरून सरकवा. त्याने निघालं तर निघालं, पुढचं जाणकारावर सोडा.

जुना प्रोजेक्टर पण आहे. लावून बघू का?

मला माहीत आहे, हात शिवशिवतात. तरीही थांबा.

प्रोजेक्टरमधला रबरी पट्टा वर्षानुवर्षं पडून वितळून डांबरासारखा झालेला असतो. ग्रीस सुकून घट्ट झालेलं असतं. दातेरी चाक आकसलेल्या फिल्मच्या भोकांत नीट बसत नाही आणि फिल्म एक टक्का जरी आकसलेली असली तरी भोकं फाटत जातात. मध्येच अडकली तर दिव्याच्या उष्णतेने चौकट फुगून तपकिरी होते आणि जळते. डोळ्यांसमोर अर्ध्या सेकंदात आजीचा चेहरा विरघळतो. मी हे एकदा पाहिलं आहे आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही.

आधी प्रोजेक्टर साफ करून, पट्टा बदलून, त्यावर निरुपयोगी फिल्मचा तुकडा चार-पाच वेळा चालवा. तो ओरखडे न पडता बाहेर आला तरच पुढचं बोलू. तोपर्यंत रीळ हाताने उलगडून, खिडकीच्या उजेडात भिंग धरून बघा. चौकट जेमतेम मुगाच्या दाण्याएवढी असते, पण माणसं ओळखू येतात.

रिळाच्या बरोबर मध्यावर नारिंगी झळाळी येते आणि तिथे एक जोडही आहे. फिल्म खराब झाली?

नाही. ही माझी आवडती खूण आहे.

रेग्युलर 8 च्या कॅमेऱ्यात प्रत्यक्षात 16 मिलिमीटर रुंदीची 25 फूट फिल्म जायची. आधी तिच्या अर्ध्या रुंदीवर चित्रण व्हायचं. मग कॅमेरा उघडून रीळ उलटं बसवायचं आणि उरलेल्या अर्ध्यावर पुढचं. रसायनात धुतल्यानंतर लॅब फिल्म उभी चिरायची आणि दोन्ही पट्ट्या टोकाला टोक जोडून 50 फूट करून पाठवायची. ती नारिंगी झळाळी म्हणजे तुमच्या आजोबांनी सावली शोधून, पाठ वळवून रीळ उलटं केलं तो क्षण. थोडा उजेड आत शिरलाच.

कधी कधी ते विसरायचे आणि वापरलेल्या बाजूवर पुन्हा चित्रण व्हायचं. गोकुळपेठेतल्या एका कुटुंबाच्या रिळात अंबाझरीच्या पाण्यावरून एक लग्नाची पंगत चालत जाते. पाट, केळीची पानं, वाढपी आणि खाली चमचमणारं पाणी. घरच्यांना ते चूक म्हणून कापून टाकायचं होतं. मी हात जोडले.

रंग सगळे गुलाबी-लाल झालेत, पण दुसऱ्या एका रिळाचे रंग अजून लख्ख आहेत. असं का?

लख्ख आहे ते बहुधा कोडॅकचं कोडाक्रोम. ते 1935 साली आलं आणि अंधारात ठेवलं तर त्याचे रंग अनेक दशकं टिकतात. बाकीच्या कित्येक फिल्मांचा निळा-हिरवा रंग आधी उडतो आणि लालसर छटा उरते. स्कॅनिंगनंतर संगणकावर बराच रंग परत आणता येतो.

ट्रंकेत न धुतलेला कोडाक्रोमचा रोल निघाला तर मात्र रंगाची आशा सोडा. त्याची धुण्याची पद्धत इतकी वेगळी होती की जगातल्या शेवटच्या लॅबने, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या, डिसेंबर 2010 मध्ये ते काम थांबवलं. आता त्यातून काळं-पांढरं चित्र काढता येतं, तेही नशीब असेल तर.

डिजिटल करायला देताना काय विचारायचं?

पहिला प्रश्न: चौकट-चौकट स्कॅन करता, की भिंतीवर चालवून कॅमेऱ्याने टिपता? भिंतीवरून टिपलेल्या चित्रात लुकलुक येते, कडा कापल्या जातात आणि उजळ भाग पांढरा फटक होतो. दुसरा: तुमचं यंत्र फिल्म भोकांतून ओढतं, की रबरी रोलरवरून नेतं? आकसलेल्या फिल्मला रोलरच हवा. तिसरा: पूर्ण चौकट देता का, वेग मूळचा 16 किंवा 18 ठेवता का, आणि मोठी मूळ फाइल देता, की फक्त मोबाइलवर पाठवायची छोटी?

चौथा प्रश्न मी अनुभवातून शिकलो: मूळ रिळं त्याच क्रमाने, त्याच डब्यांसकट परत मिळतील ना? माझ्याच काकांची सहा रिळं मी एका दुकानात दिली होती. परत आली एक सीडी आणि एकच मोठं रीळ. त्यांनी सोयीसाठी सगळी जोडून टाकली होती आणि छोटे पिवळे डबे फेकून दिले होते. त्या डब्यांवर काकूच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं, कोणतं गाव, कोणाची मुंज, कोणतं साल. चित्र वाचलं, पण पत्ता गेला. देण्याआधी प्रत्येक डब्याचा सगळ्या बाजूंनी फोटो काढा.

मुंबई-पुण्याला पाठवायची असतील तर उन्हाळ्यात कुरिअरच्या गाडीत टाकू नका. कुणी विदर्भ एक्सप्रेसने जाणारं असेल तर त्याच्या हँडबॅगेत द्या.

आमच्या फिल्मला आवाजच नाही. मग मजा काय?

आवाज तुमच्या घरात आहे, फक्त तो लवकर टिपून घ्यावा लागेल.

धंतोलीतल्या एका घरी आम्ही स्कॅन केलेलं रीळ दाखवत होतो. आजोबा डॉक्टर, कॅमेरा विलायतेहून आणलेला. तान्हा पोळा होता. नटवलेली पोरं, चाकांचे लाकडी नंदी, ओट्यावर पोरांना बोजारा, म्हणजे पोळ्याची भेट, देणारी माणसं. घरातली तरुण मुलं मोबाइल बघत होती. पंचाऐंशीच्या घरातल्या आजी खुर्चीत. एका ठिकाणी सात-आठ वर्षांची एक मुलगी नंदीची दोरी ओढत येते, कॅमेऱ्याकडे बघते आणि लाजून फ्रॉकच्या घेरात तोंड लपवते. चार सेकंद, म्हणजे 64 चौकटी.

आजी म्हणाल्या, “थांबव. मागं घे.” आम्ही मागे घेतलं. त्या म्हणाल्या, “ती माही धाकटी बहीण आहे. त्याच वर्षी तापानं गेली. तिचा एकही फोटो नाही आमच्याजवळ.”

मग त्या पाऊण तास बोलल्या. ओट्यावरचा माणूस कोण, नंदी कोणत्या सुताराने केला, फ्रॉकचं कापड इतवारीतून कसं आणलं होतं. ते सगळं आम्ही फोनवर ध्वनिमुद्रित केलं. ती पंचेचाळीस मिनिटं नसती, तर त्या 64 चौकटींत फक्त एक अनोळखी मुलगी राहिली असती. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला आधी दाखवा. पाहुणे आणि समारंभ नंतर.

डिजिटल झालं. आता मूळ रिळं टाकून देऊ?

नका. हार्ड डिस्क पाच-सात वर्षांत कधी दगा देईल याचा नेम नाही, आणि साठ वर्षांपूर्वीची नीट ठेवलेली फिल्म आजही नुसत्या उजेडात धरून बघता येते. शिवाय उद्याचा स्कॅनर आजच्यापेक्षा चांगला असेल. फाइलच्या तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा, आणि रिळं फ्रिजमध्ये.

आमच्या घरातली मुंज आणि सहल. यात बाहेरच्यांना काय रस असणार?

हा प्रश्न लोक संकोचाने विचारतात, आणि मला तो सगळ्यात जास्त लागतो.

इंग्रजी अमदानीत भारतात राहिलेल्या ब्रिटिश कुटुंबांच्या घरगुती फिल्मा केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्राने जपून ठेवल्या आहेत. जगभरचे अभ्यासक त्या बघतात. त्यात आपली माणसं दिसतात ती साहेबाच्या व्हरांड्यातून. नोकर म्हणून, गर्दी म्हणून, सलाम करणारा हात म्हणून. आपल्या माणसांनी, आपल्या ओट्यावरून, आपल्याच लोकांकडे बघून घेतलेलं चित्रण आहे ते महाल, धंतोली, रामदासपेठ, धरमपेठ इथल्या ट्रंकांमध्ये. मुंबईत दूरदर्शन सुरू झालं ते 1972 साली. त्याआधीचं नागपूर हलत्या चित्रात बघायचं, तर फिल्म्स डिव्हिजनच्या समाचारचित्रांत कधीतरी एखादी झलक मिळते, नाहीतर तुमच्या आजोबांचं रीळ.

तुमच्या मुंजीत मागे उभी असलेली सायकल रिक्षा, सीताबर्डीवरची दुकानाची पाटी, महाराजबागेतला पिंजरा, बायकांची नेसण, बुटांऐवजी चपला घालून शाळेत जाणारी पोरं. तुम्ही बटूकडे बघता, मी मागच्या भिंतीकडे बघतो. ती भिंत आता नाही.

द्यायची झाली तर कुणाला द्यायची?

पुण्याचं राष्ट्रीय फिल्म संग्रहालय 1964 पासून आहे. मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन 2014 पासून काम करतं आणि फिल्म जपण्याच्या कार्यशाळाही घेतं. देण्याआधी पत्र लिहून विचारा, आणि सोबत चार पानं तरी माहिती द्या. कोण, कुठे, केव्हा.

नवीन फिल्म अजून मिळते का? खरंच कोणी वापरतं?

मिळते, आणि वापरणारे वाढत आहेत. कोडॅक 2012 च्या जानेवारीत दिवाळखोरीत गेली, तिची एक्टाक्रोम ही रंगीत फिल्म बंद झाली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी आशा सोडली होती. पण एक्टाक्रोम 2018 मध्ये परत आली, सुपर 8 च्या डबीतसुद्धा. रंगीत नेगेटिव्ह आणि ट्राय-एक्स ही काळी-पांढरी फिल्मही चालू आहे. कोडॅकने 2016 साली नवा सुपर 8 कॅमेरा जाहीर केला आणि तो 2023 च्या डिसेंबरात विकायला काढला, किंमत 5,495 डॉलर. माझ्या मते तो घ्यायची गरज नाही. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा चांगला कॅनन किंवा निझो पुरतो.

लग्नाचं चित्रण सुपर 8 वर करून घ्यायची हौस परदेशात आहे, आपल्याकडेही तरुण विचारू लागले आहेत. खर्च स्पष्ट सांगतो: रोल, धुणं आणि स्कॅनिंग मिळून तीन मिनिटांना काही हजार रुपये जातात. विमानाने नेणार असाल तर न धुतलेली फिल्म बॅगेज स्कॅनरमधून जाऊ देऊ नका, हातात घेऊन तपासायची विनंती करा.

रंगीत नेगेटिव्ह साध्या फोटो लॅबमध्ये देऊ नका. अलीकडेपर्यंत निघालेल्या बहुतेक रोलांच्या पाठीवर काजळीचा काळा थर असतो. तो त्यांच्या यंत्रात सुटला तर त्यांचं रसायन आणि इतरांचे फोटो, दोन्ही जातात.

फिल्म घरी धुता येते?

ट्राय-एक्स येते. पूर्ण अंधार, एक टाकी, पोटॅशियम परमँगनेट वापरून केलेलं ब्लीच, हातमोजे आणि उघडी खिडकी लागते. आपल्याकडे खरी अडचण तापमानाची. मे महिन्यात नळाचं पाणी इतकं गरम येतं की जिलेटिन सुजून सुटतं. आदल्या रात्री माठात पाणी भरून ठेवा आणि थर्मामीटर न लावता सुरुवात करू नका.

जुना कॅमेरा घेताना काय तपासू?

मोटर चालते का, बॅटरीच्या कप्प्यात हिरवी पूड आहे का, भिंगात बुरशी आहे का. कित्येक कॅमेऱ्यांच्या प्रकाशमापकाला लागणारी पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही, तिच्याऐवजी श्रवणयंत्राच्या झिंक-एअर बॅटऱ्या चालतात. चावीचा बोलेक्स कॅमेरा मिळाला तर बॅटरीचा प्रश्नच नाही.

नातेवाइकांना बोलावून बघायचा कार्यक्रम करायचा आहे. कसा करू?

जगभर ऑक्टोबरच्या सुमारास ‘होम मूव्ही डे’ होतो. लोक आपापली रिळं घेऊन एका सभागृहात येतात. आपल्याकडे अंगण आणि गच्ची आहे. दिवाळीला सगळे घरी असतात तेव्हा करा. पांढरी चादर ओली करून, पिळून ताणून बांधा, सुरकुत्या राहत नाहीत.

दाखवायचं ते डिजिटल प्रतीवरून. लोक ‘थांबव, थांबव’ म्हणणारच, आणि मूळ फिल्म दिव्यासमोर थांबवता येत नाही. एकाने लॅपटॉपवर बसायचं आणि दुसऱ्याने वही घेऊन, कोणत्या मिनिटाला कोण काय म्हणालं ते लिहायचं. खुर्च्या पुढे ठेवा ज्येष्ठांसाठी. त्यांच्यापैकी कुणी पडद्याजवळ उठून जाऊन चादरीवरच्या चेहऱ्याला हात लावला, तर पुढचं रीळ लगेच सुरू करू नका.